'ए-वन साग' म्हणजे नक्की काय? घरासाठी ओंडका निवडताना

(या भागाचं शब्दांकन. मधले काही 'म्हणजे' आणि 'तर' कापलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

उलव्यातून बोलतोय. खिडकी बंद केली आहे, तरी मागे डंपरचा आवाज आला तर सांभाळून घ्या, आपल्या नोडमध्ये त्याला पर्याय नाही.

आजचा विषय एका व्हॉइस नोटमधून आलाय. खारकोपर स्टेशनजवळ राहणारा आपला एक श्रोता आहे. तो म्हणतो, "दादा, गावाला बाबांची चार गुंठे जागा आहे. इन्स्टावर दिसतात ना, अख्ख्या ओंडक्यांची घरं, तसं काहीतरी बांधायचंय. वखारवाला म्हणतो ए-ग्रेड साग देतो, एकदम ए-वन. पण ए-ग्रेड म्हणजे काय हे विचारलं तर हसतो. सहा लाख बाजूला ठेवलेत, त्यातले तीन आईचे आहेत. फसणार तर नाही ना?"

आईचे तीन लाख म्हटल्यावर मी ती नोट दोनदा ऐकली. कारण आमच्या घरात हे आधी होऊन गेलंय.

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ. श्रीवर्धनच्या बाजूला आमच्या काकांचं घर आहे, त्याचं अर्धं छप्पर त्या दुपारी गेलं. कौलं तर गेलीच, पण आढं मोडलं आणि वासे खाली आले. पाऊस तोंडावर, प्रत्येकाला लाकूड पाहिजे, आणि लॉकडाऊनमुळे गाडी मिळायची मारामार. काकांनी एका वखारीतून पाच ओंडके घेतले. बघितले म्हणजे काय, लांबून बघितले. "काका, डोळे झाकून घ्या, ए-वन माल आहे," असं त्यांना सांगितलं गेलं, आणि काकांनी खरंच डोळे झाकून घेतला. कापायला टाकला तेव्हा दोन ओंडके आतून पोकळ निघाले. उरलेल्या तिघांचे वासे निघाले, पण दोन पावसाळे गेल्यावर सकाळी अंगणात पिठासारखी भुकटी पडायला लागली. वासे भुंग्याने पोखरले होते. दरवाजा असा पिळला की कडी लागेना.

काका आजही म्हणतात, "लाकूड खराब नव्हतं रे, माझी घाई खराब होती." मला ते अर्धंच पटतं. घाई होतीच, पण काय बघायचं हे कुणी सांगितलंही नव्हतं. तर आज ते बघूया.

आधी त्या इन्स्टावाल्या घराबद्दल. अख्खे गोल ओंडके एकावर एक रचून भिंत उभी करायची ही पद्धत थंड देशांतली. नॉर्वे, फिनलंड, रशिया, कॅनडा. तिथे सरळसोट पाइन, स्प्रूस ढिगाने मिळतं आणि जाड लाकडाची भिंत थंडी अडवते. आपल्या देशात त्याच्या जवळचं काही बघायचं तर हिमाचलची काठकुणी घरं. देवदाराचे चौकोनी ओंडके आणि दगड यांचे आलटून पालटून थर.

कोकणात आपल्या माणसांनी हे केलं नाही, आणि ते वेडे नव्हते. जांभ्याची भिंत, दगडी जोतं, खांबाखाली तळखडा, आणि लाकूड फक्त वर: बहाल, आढं, वासे, रिपा. शिवाय दारं-खिडक्या. म्हणजे लाकूड जमिनीपासून लांब आणि कौलांच्या सावलीत, पावसाचा थेंब लागणार नाही असं. आपल्याकडे वर्षाला तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि वर वाळवी. बाहेरची अख्खी भिंत ओंडक्यांची केली तर दोन ओंडक्यांमधल्या प्रत्येक सांध्यात पाणी बसणार.

अजून एक गोष्ट रीलमध्ये दिसत नाही. ओल्या ओंडक्यांची भिंत वाळताना खाली बसते. हाताने रचलेल्या ओल्या भिंतीला दर फुटामागे अर्धा ते पाऊण इंच धरतात. आठ फुटी भिंत म्हणजे चार ते सहा इंच! म्हणून तिकडे खिडक्यांच्या वर मुद्दाम फट सोडतात. आपल्या मिस्त्रीला हे माहीत नसेल तर खिडकीची काच फुटणार.

तर मित्रा, माझं सरळ मत: भिंत जांभ्याची कर, आणि ओंडक्यांची हौस खांबात, ओटीवर आणि छपरात भागव. तिथे लाकूड दिसतंही आणि टिकतंही. पैसेही निम्म्याहून कमी लाकडात भागतील. अर्थात घर तुझं आहे. पण कुठलंही केलंस तरी ओंडका निवडायचा प्रश्न तोच राहतो.

ग्रेड कोण ठरवतं?

अमेरिकेत ओंडक्यांच्या घरासाठी लेखी नियम आहेत. एएसटीएम डी ३९५७ नावाचं मानक आहे, आयसीसी ४०० आहे. प्रशिक्षित ग्रेडर एकेक ओंडका तपासतो: गाठ केवढी, धागा किती तिरका, चीर किती खोल. मग शिक्का मारतो किंवा त्या घराच्या मालाचं प्रमाणपत्र देतो. म्हणजे 'ग्रेड' हा शब्द एका माणसाने, एका लेखी नियमाने, त्या एका ओंडक्याबद्दल दिलेला शब्द आहे.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही हां. ओंडक्यातले दोष कसे मोजायचे यावर भारतीय मानक आहे, आयएस ३३६४, त्याचा पहिला भाग फक्त ओंडक्यांवर. कापलेल्या बांधकामाच्या लाकडाला आयएस ८८३ मध्ये तीन ग्रेड आहेत: सिलेक्ट, ग्रेड एक आणि ग्रेड दोन. ग्रेड एकची ताकद १ धरली तर सिलेक्टची १.१६ आणि ग्रेड दोनची ०.८४ धरायची. एकाच झाडाच्या दोन तुळयांमध्ये एवढा फरक पडू शकतो, फक्त गाठी आणि धाग्यामुळे.

लक्षात आलं का? या यादीत 'ए-वन' कुठेच नाही. 'ए-ग्रेड', 'एक्स्पोर्ट क्वालिटी', 'बर्मा टाइप' हे वखारीतले शब्द आहेत. वखारवाला खोटंच बोलतो असं नाही, पण त्याचा 'ए' आणि शेजारच्याचा 'ए' एक असेलच असं नाही. आणि बर्मा म्हणाल तर म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून अख्ख्या ओंडक्यांची निर्यातच बंद केली. आज कुणी ताजा 'बर्मा सागाचा ओंडका' दाखवला तर आधी कागद मागा.

मग आज बाजारात काय असतं? एक, आपला महाराष्ट्राचा साग. गडचिरोलीचं आलापल्ली, चंद्रपूरचा पट्टा. बल्लारशाहचा डेपो तर प्रसिद्धच आहे. २०२३ च्या मार्चमध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी साग तिथूनच गेला. वन विभाग आणि वन विकास महामंडळ, जे १९७४ मध्ये सुरू झालं, त्यांच्या डेपोत ओंडके लांबी, गोलाई आणि दर्जा बघून थप्प्यांमध्ये लावतात आणि लिलाव होतो. दोन, बाहेरून आलेला लागवडीचा साग, आफ्रिका आणि दक्षिण-मध्य अमेरिकेतून. उरण रोडला तुम्ही ज्या कंटेनरच्या मागे अर्धा तास अडकता ना, त्यातल्या एखाद्यात तो असू शकतो. आणि तीन, जुनं लाकूड, पाडलेल्या घरांचं.

लागवडीच्या सागाला लोक सरसकट नावं ठेवतात. मला तसं वाटत नाही. प्रश्न देशाचा नाही, वयाचा आहे. लवकर तोडलेलं झाड बारीक असतं आणि त्यात गाभा कमी असतो.

गाभा, गाभा आणि गाभा

हे एक समजलं की अर्धं काम झालं. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडाकडे बघा. मध्ये गडद, तपकिरी-सोनेरी भाग दिसतो तो गाभा. त्याच्या बाहेर फिकट पांढरट कडं असतं, त्याला सुतार नुसतं 'पांढरं' म्हणतात. साग वाळवीला दाद देत नाही असं जे आपण ऐकतो, ते फक्त गाभ्याबद्दल खरं आहे. पांढरं लाकूड सागाचं असलं तरी किडा ते आवडीने खातो. काकांचे वासे पांढऱ्यातले होते.

डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत लाकडाचे तुकडे जमिनीत अर्धे पुरून किती महिने टिकतात ते बघतात. १२० महिन्यांच्या वर टिकलं तर पहिला वर्ग, ६० ते १२० दुसरा, त्याखाली तिसरा. सागाचा गाभा पहिल्या वर्गात. आंबा तिसऱ्यात. म्हणून आंब्याच्या फळ्या स्लॅबच्या सेंट्रिंगला बऱ्या, घराच्या आढ्याला नाही.

आता एक छोटा हिशेब, फोनवर कॅल्क्युलेटर काढा. समजा पांढरं कडं दीड इंच जाड आहे. चार फूट गोलाईच्या ओंडक्याचा व्यास साधारण सव्वापंधरा इंच. दोन्ही बाजूंचं पांढरं वजा केलं तर गाभा सव्वाबारा इंच. क्षेत्रफळात बघितलं तर ३५ टक्के लाकूड पांढरं. आता तेच दीड इंच कडं दोन फूट गोलाईच्या ओंडक्यात घाला. पांढरं किती? ६३ टक्के! म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश पैसे किड्याच्या जेवणाचे. म्हणून बारीक ओंडका स्वस्त पडतो असं वाटतं, पण पडत नाही.

वखारीत गेल्यावर

मला हे सगळं एका सुतारमामांनी दाखवलं. काकांचं छप्पर दुसऱ्यांदा केलं तेव्हा मी त्यांच्याबरोबर वखारीत गेलो होतो. मी आपला थप्पीचे फोटो काढत होतो. मामा म्हणाले, "अरे, पाठीचे फोटो काय काढतोस? लग्नाला मुलगी बघताना पाठ बघतात काय? तोंड बघ, दोन्ही बाजूंचं." उपमा जुनी आहे, सोडून द्या, पण मुद्दा बरोबर.

दोन्ही तोंडं बघायची. थप्पीत एकच दिसत असेल तर ओंडका बाहेर काढायला लावायचा, लाजायचं नाही. तोंडावर रंग, माती किंवा भुसा थापलेला असेल तर खरवडून बघायचं. रंग कधी कधी तोंड फुटू नये म्हणूनही लावतात, पण खाली काय आहे ते कळलं पाहिजे. मध्ये भोक दिसलं तर मामा खिशातली तार आत घालायचे. तार वीतभर जाऊन थांबली तर तेवढं कापून टाकता येतं. हातभर आत गेली तर पुढच्या ओंडक्याकडे.

मग चिरा. मधून बाहेर ताऱ्यासारख्या जाणाऱ्या बारीक चिरा वाळताना पडतातच, त्यांना घाबरू नका. पण वाढीच्या वर्तुळाबरोबर गोल फिरणारी चीर दिसली तर तो ओंडका कापल्यावर कांद्यासारखा सुटतो. तो नको.

नंतर मामांनी एका टोकाला हातोडीने ठोकलं आणि मला दुसऱ्या टोकाला कान लावायला सांगितलं. ठणठणीत ओंडका खण् वाजतो. आत कुजलेला असेल तर आवाज भद्द येतो, ओल्या गोणीवर मारल्यासारखा. पाच-सहा ओंडके ठोकले की कान आपोआप तयार होतो.

मला सगळ्यात आवडलेली युक्ती धाग्याची. साल काढलेल्या ओंडक्याच्या अंगावर वाळल्याच्या बारीक रेघा असतात. त्या टोकापासून टोकापर्यंत सरळ जात असतील तर धागा सरळ. रेघा जिन्यासारख्या ओंडक्याभोवती फिरत असतील तर झाडच पिळून वाढलंय. त्यातून काढलेली तुळई दिसायला सरळ असते, पण आतला धागा तिरका कापलेला असतो, आणि पुढे ती पिळते. मानकात याचा आकडाच आहे: सिलेक्टला २० इंचांत १ इंच तिरकं चालतं, ग्रेड एकला १५ इंचांत १, ग्रेड दोनला १२ इंचांत १. मोजपट्टी आणि खडू एवढंच लागतं.

गाठींचं म्हणाल तर गाठ असणारच, झाडाला फांद्या असतात. लाकडाशी एकजीव झालेली, घट्ट गाठ चालते. काळी पडलेली, हलणारी, किंवा एका जागी तीन-चार जमलेल्या नकोत, विशेषतः ओंडक्याच्या मधल्या भागात, कारण तुळईवर ताण तिथेच सगळ्यात जास्त येतो. आणि वाकडा ओंडका खांबाला शोभून दिसतो, पण कापताना निम्मा वाया जातो.

टेप कुठे धरली ते बघा

बऱ्याच वखारींत ओंडका चौथाई गोलाईने मोजतात. गोलाईला चारने भागा, येईल त्याचा वर्ग करा, लांबीने गुणा. चार फूट गोलाई, दहा फूट लांबी: एक गुणिले एक गुणिले दहा, म्हणजे १० घनफूट. खरं घनफळ १२.७ च्या आसपास असतं, कारण ही पद्धत खऱ्याच्या ७८.५ टक्के धरते. म्हणजे गिऱ्हाइकाला फायदा? थांबा. गोल ओंडक्यातून चौकोनी लाकूड काढताना कडा जातात, पांढरं जातं, करवतीत भुसा जातो. ते सगळं वजा केल्यावर फायदा उरत नाही.

खरा खेळ टेप कुठे धरली यात. गोलाई मधोमध आणि साल काढून मोजायची. त्याच ओंडक्याच्या बुंध्याकडे टेप धरली आणि साडेचार फूट आली, तर हिशेब १२.६६ घनफुटांवर जातो. अडीच घनफुटांहून जास्त लाकडाचे पैसे, जे लाकूड नाहीच. टेप धरताना फोटो काढा, आकडा दिसेल असा. फोनचा याहून चांगला उपयोग या सगळ्या कामात नाही.

ओलं आहे का?

लाकूड वाळताना आकसतं, आणि सगळीकडे सारखं नाही: वर्तुळाच्या दिशेने जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच मधून बाहेरच्या दिशेने. त्या फरकामुळे दार पिळतं. भारतीय मानकात देशाचे दमटपणाप्रमाणे चार विभाग केलेत. आपला किनारा सगळ्यात दमट विभागात. तिथे तुळया-वाशांना २० टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, जाड दारा-खिडक्यांना १६, आणि दोन इंचांपेक्षा पातळ असतील तर १४. ओलावा मोजायचं छोटं मीटर ऑनलाइन मिळतं, दोन टोच्या असलेलं, फार महाग नसतं. चार मित्रांत एक घ्या. फक्त ते वरवरचं मोजतं, म्हणून ताज्या कापलेल्या तोंडावर लावा.

उघड्यावर सावलीत वाळवायचं तर इंचाला एक वर्ष असा जुना ठोकताळा आहे. म्हणून अख्खा ओंडका वाळायची वाट बघू नका. कापून, मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल अशी थप्पी लावा आणि वर पत्रा टाका. दार करायचं लाकूड आज घेऊन पुढच्या महिन्यात दार करू नका.

जुन्या लाकडाची मजा इथेच आहे. विमानतळासाठी आपल्याकडची दहा गावं उठली, त्यात उलवे गावही होतं. आमच्या सोसायटीतल्या एका आजींनी पाडलेल्या घराचा सागवानी उंबरठा जपून ठेवलाय, गॅलरीत, त्यावर तुळस असते. ऊन-पाऊस खाऊनही तो तसूभर हललेला नाही. सागाचं म्हणाल तर मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागात बांधलेलं 'त्रिंकोमाली' जहाज १८१७ चं आहे, आणि इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगतंय. जुने वासे मिळाले तर नक्की बघा. खिळे काढून घ्या, नाहीतर करवतवाला शिव्या देईल, आणि टोकं टोचून बघा, कारण भिंतीत गाडलेली टोकंच कुजलेली असतात.

कागदाचं पटकन. सागाची वाहतूक करायला वन विभागाचा वाहतूक पास लागतो, ओंडक्यावर हातोड्याची निशाणी असते. पावती आणि पासाची प्रत घ्या. "पास नंतर देतो" म्हणाले तर गाडी भरू नका, कारण नाक्यावर अडली तर माल तुमच्या नावावर असतो. स्वतःच्या जागेतलं झाड तोडायचं असेल तरी आधी परवानगी लागते.

आता आपला श्रोता. मी त्याला सांगितलं, मला पाठीचे नको, तोंडांचे फोटो पाठव. गेल्या शनिवारी त्याने वखारीतून अकरा ओंडक्यांचे बावीस फोटो पाठवले, प्रत्येकात टेप धरलेली. आम्ही दोघं व्हिडिओ कॉलवर बसलो, आणि सुतारमामांनाही घेतलं. तीन ओंडक्यांना गोल चीर होती. चार इतके बारीक की निम्म्याहून जास्त पांढरंच. एकाच्या तोंडावर हिरवा रंग होता, खरवडू का म्हटल्यावर वखारवाला म्हणाला राहू दे, तो तुमच्यासाठी नाही. तीन उरले. मामा म्हणाले, "खांब आणि आढं एवढ्यात होईल. वाशांना ऐन बघ, किंजळ बघ, प्रत्येक वाशाला साग कशाला?" श्रोत्याने विचारलं, मग बाकीच्या पैशांचं काय करू? मामा म्हणाले, "आईला परत दे. पुढच्या वर्षी दारं करशील तेव्हा माग."

त्याने तीनच ओंडक्यांचा विसार दिलाय. उद्या कापायला पडणार आहेत. आत काय निघालं ते तो पाठवेल, मी पुढच्या भागाच्या सुरुवातीला सांगतो.